डोंगराच्या पोटातले ७३ नॅनोसेकंद

२३ सप्टेंबर २०११ची दुपार. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचं मुख्य सभागृह खच्चून भरलं होतं. जगभरातले भौतिकशास्त्रज्ञ आपापल्या संगणकासमोर बसून तेच व्याख्यान थेट पाहत होते. बोलत होते दारिओ आउतिएरो, ‘ऑपेरा’ या प्रयोगाचे एक प्रमुख. त्यांचा निष्कर्ष एका वाक्यात मावणारा होता. सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोहोचत होते, आणि तेवढ्याच अंतराला प्रकाशाला जो वेळ लागला असता त्याच्या ६०.७ नॅनोसेकंद आधी पोहोचत होते.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे ७३० किलोमीटरच्या शर्यतीत न्यूट्रिनोंनी प्रकाशाला सुमारे १८ मीटरनं मागं टाकलं होतं. आकडा किरकोळ दिसतो, पण प्रकाशाचा वेग ही विश्वाची वेगमर्यादा आहे हे १९०५पासून भौतिकशास्त्राच्या पायात घातलेलं तत्त्व आहे. ते हललं, तर आधी कारण आणि मग परिणाम हा क्रमसुद्धा हलतो.

प्रकाशाहून वेगवान कणांचा विचार त्याआधी कुणी केलाच नव्हता, असं नाही. बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी १९६२ मध्ये अशा कणांचा सिद्धांत मांडला होता. जेराल्ड फाइनबर्ग यांनी पुढे त्यांना ‘टॅकिऑन’ हे नाव दिलं. पण कागदावरची शक्यता वेगळी आणि डिटेक्टरमध्ये नोंदवलेल्या १५ हजारांहून अधिक घटना वेगळ्या. आउतिएरो यांच्यामागे तीन वर्षांची मोजणी उभी होती आणि संख्याशास्त्राचा कौल स्पष्ट होता. हा योगायोग नव्हता. काहीतरी खरोखरच ६० नॅनोसेकंदांनी सरकलेलं होतं.

काय सरकलं होतं, याचा शोध पुढचे आठ महिने चालला. तो शोध संपला तेव्हा निसर्गाचा नियम जागच्या जागी होता. दोष सापडला होता एका फायबरच्या टोकाशी.

घड्याळ खाली नेणारी वाट

ही मोजणी कशी उभी केली होती ते आधी पाहू. सर्नमधल्या सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या यंत्रातून प्रोटॉनांचा झोत ग्रॅफाइटच्या लक्ष्यावर आदळायचा. त्यातून निघालेल्या कणांचा क्षय होऊन म्यूऑन न्यूट्रिनो तयार व्हायचे आणि सरळ रेषेत जमिनीतून निघायचे. त्यांना बोगदा लागत नाही, खडक त्यांना अडवत नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे वाटेत ११ किलोमीटरहून खोल जाऊन ते ग्रान सासोला वर यायचे. प्रवासाची वेळ सुमारे २.४ मिलिसेकंद.

ऑपेरा हा प्रयोग वेग मोजण्यासाठी बांधलेलाच नव्हता. वाटेत म्यूऑन न्यूट्रिनोचा टाऊ न्यूट्रिनो होतो का, हे पाहण्यासाठी शिसं आणि फोटोग्राफिक इमल्शन यांच्या सुमारे दीड लाख विटा रचून तो उभारला होता. वेगाची मोजणी ही त्याला दिलेली जोड होती आणि ती अतिशय निगुतीनं केलेली जोड होती. अंतर उपग्रहांच्या मदतीनं २० सेंटिमीटरच्या अचूकतेपर्यंत मोजलं होतं. ६ एप्रिल २००९च्या लाक्विला भूकंपानं प्रयोगशाळा सात सेंटिमीटर सरकल्याचीही नोंद त्यात होती. दोन्हीकडे सिझियमची अणुघड्याळं होती. दोन्ही ठिकाणचे जीपीएस ग्राहक एकाच वेळी तेच उपग्रह पाहत आणि घड्याळं जुळवत. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या मापनसंस्थांनी ही जुळणी तपासली होती. तिच्यातली चूक दोन-तीन नॅनोसेकंदांपलीकडे नव्हती.

पण इथं एक अडचण होती. ग्रान सासोची प्रयोगशाळा महामार्गाच्या बोगद्यालगत, १४०० मीटर खडकाखाली आहे. कॉस्मिक किरणांचा मारा टाळायला ही जागा उत्तम, मात्र जीपीएसचा संदेश तिथं पोहोचत नाही. त्यामुळे अचूक वेळ उघड्यावरच्या इमारतीत मिळायची आणि मग ८.३ किलोमीटरच्या फायबरमधून डोंगराच्या पोटात पाठवली जायची. दर मिलिसेकंदाला प्रकाशाचा एक स्पंद. तो खाली फोटोडायोडवर पडायचा, त्याचा विजेचा संकेत व्हायचा आणि प्रयोगाचं मुख्य घड्याळ त्या ठोक्याशी जुळायचं.

काचेत प्रकाश निर्वातापेक्षा हळू चालतो. फायबरमधला एक मीटर ओलांडायला त्याला जवळजवळ पाच नॅनोसेकंद लागतात. सव्वाआठ किलोमीटरला आणि दोन्ही टोकांच्या इलेक्ट्रॉनिक्सला मिळून एकूण ४०,९९६ नॅनोसेकंद लागत होते. प्रयोगाच्या सुरुवातीच्या काळात हा विलंब काळजीपूर्वक मोजला गेला होता आणि त्यातली अनिश्चितता अवघी एक नॅनोसेकंद होती. प्रत्येक न्यूट्रिनोच्या वेळेच्या हिशोबात तो आकडा धरला जायचा.

मोजला तेव्हा तो आकडा बरोबर होता. त्यानंतरची वर्षं तो तसाच राहिला असं धरून चालणं, एवढाच दुवा तपासायचा राहिला होता.

संशयितांची यादी

निकाल जाहीर करण्याआधी ऑपेराच्या गटानं स्वतःच्या मोजणीवर महिनोन्‌महिने हल्ले केले होते. सुमारे १६० शास्त्रज्ञांच्या या गटातल्या काहींना घाई नको होती. पहिल्या शोधनिबंधावर त्यांनी नावही घातलं नाही. सभागृहात आउतिएरो यांनीही विजयाची भाषा केली नाही. आम्हाला दोष सापडलेला नाही, तुम्ही शोधायला मदत करा, असाच त्या सगळ्याचा सूर होता. आज मागं वळून पाहताना हे आवाहन मला त्या दिवसाची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अशक्य वाटणारा आकडा हाती आल्यावर तो दडपून टाकणं सोपं असतं, आणि ढोल बडवणं तर त्याहून सोपं असतं. आपली सगळी मांडामांड परक्यांसमोर उघडून ठेवायला धीर लागतो.

हरकती लगेच आल्या. पहिली आकाशातून. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातल्या एका ताऱ्याच्या स्फोटातले न्यूट्रिनो पृथ्वीवर टिपले गेले होते. जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो, पण ते सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं चालून आले होते. प्रकाशाच्या काही तास आधी ते पोहोचले, आणि त्याचं कारण साधं होतं. न्यूट्रिनो ताऱ्याच्या गाभ्यातून तत्काळ सुटतात, प्रकाशाला मात्र स्फोटाची लाट पृष्ठभागापर्यंत येण्याची वाट पाहावी लागते. ऑपेरानं सांगितलेल्या वेगानं ते आले असते, तर प्रकाशाच्या चार वर्षं आधी येऊन गेले असते. त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा खूपच कमी होती, त्यामुळे हा पुरावा निर्णायक म्हणता येत नव्हता. संशय मात्र बळावला.

दुसरी हरकत अँड्र्यू कोहेन आणि शेल्डन ग्लॅशो यांची होती. न्यूट्रिनो खरोखरच प्रकाशापुढे धावत असेल, तर वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या सोडत तो आपली ऊर्जा गमावत जाईल. मग ग्रान सासोला पोहोचणारे न्यूट्रिनो थकलेले दिसायला हवेत. त्याच डोंगराखालच्या ‘इकारस’ प्रयोगानं आपल्या नोंदी तपासल्या. न्यूट्रिनो जसे निघाले तशाच ऊर्जेनं पोहोचत होते.

तिसरी शंका थेट पद्धतीवर होती. प्रोटॉनांचा एकेक झोत १०.५ मायक्रोसेकंद लांब असायचा. एखादा न्यूट्रिनो त्यातल्या नेमक्या कुठल्या क्षणी जन्मला हे कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे हजारो घटनांचा एकत्रित आकार झोताच्या आकाराशी जुळवून वेळ काढावी लागे. घोळ या जुळवणीत तर नसेल? ऑक्टोबरच्या अखेरीस सर्ननं झोताची रचनाच बदलली. आता जेमतेम तीन नॅनोसेकंद रुंदीचे तुटक ठोके जाऊ लागले आणि दोन ठोक्यांमध्ये ५२४ नॅनोसेकंदांचं अंतर ठेवलं गेलं. न्यूट्रिनो कोणत्या ठोक्यातला, याबद्दल आता संदिग्धताच उरली नाही. दोन आठवड्यांत ऑपेरानं असे २० न्यूट्रिनो पकडले. उत्तर आलं ६२.१ नॅनोसेकंद.

एक संशयित सुटला. संख्याशास्त्र निर्दोष ठरलं आणि विसंगती मात्र आणखी ठळक झाली. ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्यातले काही आता डळमळले. पण दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीनं ही बातमी चांगली होती. एक शक्यता खात्रीनं बाद झाली, म्हणजे शोधायचं क्षेत्र लहान झालं. उरले होते ते अंतर, घड्याळं, आणि घड्याळापासून डिटेक्टरपर्यंतची वाट.

पूर्ण न बसलेला कनेक्टर

डिसेंबर २०११च्या सुरुवातीला ऑपेराच्या मंडळींनी ती वाट नव्यानं मोजायला घेतली. विलंब मोजायची रीत सरळ आहे. स्पंद एका फायबरनं खाली पाठवायचा, दुसऱ्यानं वर आणायचा आणि फेरीचा हिशोब मांडायचा. किंवा चालतं अणुघड्याळ उचलून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि दोन्हीकडे ताडून पाहायचं. या वेळी आकडा जुळला नाही. स्पंद अपेक्षेपेक्षा सुमारे ७३ नॅनोसेकंद उशिरा नोंदवला जात होता.

फायबर तर तेच होतं, त्याची लांबीही तीच. ७३ नॅनोसेकंद म्हणजे जवळजवळ १५ मीटर काच, आणि तेवढी काच कुठून वाढणार? शोध घेत घेत नजर पोहोचली ती जिथं फायबर मुख्य घड्याळाच्या पेटीत शिरत होतं तिथं. तिथला कनेक्टर पूर्ण आत बसलेला नव्हता. तो नीट घट्ट केला, की विलंब पुन्हा जुन्या आकड्यावर यायचा.

इथं क्षणभर थांबून हा दोष जवळून पाहायला हवा, कारण तो विलक्षण आहे. कनेक्टर निसटला असता तर स्पंद बंद पडले असते आणि त्याच दिवशी कुणीतरी धावत आलं असतं. तसं झालं नाही. कनेक्टर जागेवर होता, स्पंद येत होते, दर मिलिसेकंदाला एक, न चुकता. फक्त टोक आणि फोटोडायोड यांची गाठ नीट पडत नव्हती, त्यामुळे कमी प्रकाश आत पोहोचत होता. प्रकाश पडला की फोटोडायोडमध्ये प्रवाह सुरू होतो, त्यानं सर्किटमधलं व्होल्टेज चढू लागतं आणि ठरावीक पातळी ओलांडली की सर्किट म्हणतं, स्पंद आला. प्रकाश भरपूर असेल तर पातळी झटकन गाठली जाते. प्रकाश कमी असेल तर व्होल्टेज रेंगाळत चढतं. त्या रेंगाळण्यात ७३ नॅनोसेकंद गेले.

म्हणजे फायबर निर्दोष होतं, प्रकाश त्यातून वेळेवर येत होता. घड्याळही निर्दोष होतं. दोष दोघांच्या मधल्या जागेत होता. नुसत्या फायबरची लांबी मोजत बसलं असतं, तर तो कधीच सापडला नसता. एका टोकाच्या वेळेपासून दुसऱ्या टोकाच्या वेळेपर्यंत सगळी साखळी एकदम मोजली, म्हणूनच तो उघडा पडला.

आता उशिरा आलेल्या संदेशामुळे न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे का वाटावेत? फलाटावरचं घड्याळ मागं असलं, की वेळेवर आलेली गाडीही आधी आल्यासारखी वाटते. डोंगराखालचं घड्याळ ७३ नॅनोसेकंद मागं चालत होतं आणि आलेल्या प्रत्येक न्यूट्रिनोच्या नावापुढे तेवढी लवकरची वेळ लिहिली जात होती.

तरीही हिशोब पूर्ण होत नव्हता. ७३ आणि ६०.७ हे आकडे सारखे नाहीत. तपास पुढे नेला तेव्हा दुसरा दोष हाती लागला. खालच्या मुख्य घड्याळातला आंदोलक ठरलेल्या वारंवारितेपेक्षा किंचित जलद होता. फरक कोटीमध्ये एखादा भाग इतका सूक्ष्म. पण नोंदणीचं एक आवर्तन ०.६ सेकंदांचं असायचं आणि त्याच्या शेवटापर्यंत हा फरक साठत साठत ७४ नॅनोसेकंदांवर जायचा. आवर्तनात न्यूट्रिनो साधारणपणे जिथं यायचे तिथं तो सरासरी १५ नॅनोसेकंद होता आणि उलट्या दिशेनं होता. एक दोष न्यूट्रिनोंना पुढे ढकलत होता, दुसरा मागं ओढत होता. दोघांनी एकमेकांचा काही भाग झाकला होता.

ज्यानं कुठल्याही यंत्रातला दोष शोधला आहे, त्याला ही जोडी फार चांगली ओळखीची असेल. एक दोष सापडला की मन म्हणतं, झालं. पण आकडा जुळेपर्यंत काम संपलेलं नसतं. कनेक्टर सापडल्यावर ‘साधारण तेवढंच तर आहे’ म्हणून ऑपेराची मंडळी थांबली असती, तर आंदोलक तसाच राहिला असता.

डोंगराची साक्ष

आता खरा कठीण प्रश्न पुढे होता. डिसेंबरात कनेक्टर सैल सापडला, हे मान्य. पण न्यूट्रिनोंची मोजणी चालू होती त्या तीन वर्षांत तो सैल होता कशावरून? कदाचित नोव्हेंबरात कुणाचा तरी हात लागून तो सैल झाला असेल. मग आधीच्या नोंदी खऱ्या ठरतील आणि न्यूट्रिनोही वेगवान ठरतील. हात लावून घट्ट केलेल्या कनेक्टरला, ‘तू कधीपासून असा होतास?’ असं विचारता येत नाही.

ते सांगू शकणारा साक्षीदार त्याच डोंगराखाली सापडला. ऑपेरापासून सुमारे १६० मीटरवर ‘एलव्हीडी’ नावाचा एक जुना डिटेक्टर होता. ताऱ्यांच्या स्फोटांतले न्यूट्रिनो टिपण्यासाठी तो वर्षानुवर्षं जागत बसलेला, आणि त्याचं घड्याळ ऑपेराच्या घड्याळापासून स्वतंत्र. कॉस्मिक किरणांतून जन्मलेले म्यूऑन नावाचे कण वरून खाली येतात. आडवे येणारे बहुतेक खडकातच संपतात. पण ग्रान सासोच्या रचनेत तेरामो शहराच्या दिशेला एक खाच आहे. तिथं आडव्या वाटेवर खडक तुलनेनं कमी आहे. या खाचेतून वर्षाला शंभरेक म्यूऑन आडवे घुसतात, आणि नेमक्या याच रेषेत ऑपेरा आणि एलव्हीडी हे दोन्ही डिटेक्टर येत होते.

हा निव्वळ भूगोलाचा योग होता. एकच म्यूऑन दोन्ही डिटेक्टरांतून जायचा आणि मधलं अंतर कापायला त्याला नेहमी तेवढाच वेळ लागायचा. दोन्ही घड्याळं ठीक असतील, तर दोन नोंदींमधला फरक दरवर्षी सारखाच यायला हवा. कुणी मुद्दाम न आखलेला हा प्रयोग २००७च्या मध्यापासून रोज आपोआप चालू होता. त्याच्या नोंदी दोन वेगळ्या प्रयोगांच्या संगणकांत पडून होत्या. त्या फक्त कुणी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

दोन्ही गटांनी मिळून त्या काढल्या. १२०० दिवसांच्या नोंदींमधून दोघांतूनही गेलेले ३०६ आडवे म्यूऑन निघाले. आलेख मांडल्यावर कथा उलगडली. सुरुवातीच्या काळात फरक एका पातळीवर होता. ऑगस्ट २००८पासून तो खाली घसरला आणि डिसेंबर २०११पर्यंत तिथंच राहिला. कनेक्टर घट्ट केल्यावर तो पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आला. घसरण होती ७३ नॅनोसेकंदांची, नऊ इकडे-तिकडे.

मला या सगळ्या शोधात हा क्षण सर्वांत थरारक वाटतो. न्यूट्रिनोंशी, सर्नशी, झोताशी काडीचाही संबंध नसलेल्या ३०६ म्यूऑनांनी दोष किती हे सांगितलं, आणि तो कधी सुरू झाला, कधी संपला हेही सांगितलं. वेगाची मोजणी ज्या नोंदींवर उभी होती, त्या सगळ्याच्या सगळ्या त्या काळातल्या होत्या.

निकाल आणि त्याची किंमत

२२ फेब्रुवारी २०१२ रोजी सैल जोडणीची बातमी बाहेर फुटली. दुसऱ्या दिवशी ऑपेरानं आणि सर्ननं दोन्ही दोष जाहीर केले आणि नव्यानं मोजणी करणार असल्याचं सांगितलं. मार्चमध्ये इकारसनं आपली स्वतंत्र मोजणी मांडली. त्यांच्याकडे सातच न्यूट्रिनो होते, पण सातही प्रकाशाच्या वेगाशी जुळणारे. मे महिन्यात सर्ननं पुन्हा तुटक ठोक्यांचा झोत पाठवला आणि एकाच डोंगराखालच्या चार प्रयोगांनी, म्हणजे ऑपेरा, इकारस, एलव्हीडी आणि बोरेक्सिनो यांनी, तो आपापल्या घड्याळांवर मोजला. ८ जून रोजी क्योतोच्या न्यूट्रिनो परिषदेत सर्नचे संशोधन संचालक सर्जिओ बर्तोलुची यांनी चौघांचं एकमत जाहीर केलं. न्यूट्रिनो प्रकाशाच्या वेगमर्यादेतच होते. ऑपेराच्या जुन्या नोंदींमध्ये दोन्ही दुरुस्त्या केल्यावर ६०.७ची जागा ६.५ नॅनोसेकंदांनी घेतली, आणि तो आकडा मोजणीच्या अनिश्चिततेहून लहान होता. म्हणजे शून्यच.

दरम्यान मोठी किंमत मोजली गेली होती. मार्चच्या अखेरीस गटातल्या अविश्वासाच्या ठरावावर मतदान झालं. ठराव आवश्यक बहुमतापर्यंत पोहोचला नाही, पण गट दुभंगल्याचं दिसलं. दारिओ आउतिएरो आणि गटाचे प्रवक्ते अंतोनिओ एरेदितातो यांनी राजीनामे दिले. जगभर थट्टा झाली. एका सैल वायरनं आइन्स्टाइनला हरवलं होतं, अशा थाटाच्या मथळ्यांनी वर्तमानपत्रं भरली.

ही थट्टा मला अन्यायाची वाटते. जाहीर करण्याची घाई झाली का, यावर त्या गटातच मतभेद होते आणि तो वाद रास्त आहे. ती जोडणी आधी तपासायला हवी होती, हेही खरं. पण पुढचं सगळं पाहा. अनाकलनीय आकडा त्यांनी उघड्यावर मांडला. स्वतःच्या निकालाला सुरुंग लावू शकेल अशी चाचणी त्यांनीच मागून घेतली. शेवटी दोष बाहेरच्या कुणा टीकाकारानं दाखवला नाही, त्यांनीच आपली पेटी उघडून काढला. शेजारच्या प्रयोगानं आपल्या नोंदी मोकळेपणानं दिल्या. विज्ञान स्वतःला दुरुस्त करतं असं आपण सहज म्हणून जातो. ती दुरुस्ती प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहायचं असेल तर ग्रान सासोच्या त्या आठ महिन्यांकडे बघावं.

‘चालू आहे’ पुरेसं नसतं

हा दोष भौतिकशास्त्रज्ञांना अनोखा वाटला असेल. फायबरवर रोज काम करणाऱ्यांना तो पटकन उमजतो. रस्त्याकडेच्या चेंबरशी बसून काच जोडणारा जॉइंटर असो, की डेटा सेंटरच्या रॅकसमोर उभा असलेला इंजिनिअर असो, नेटवर्क बिघडलं की त्याचं पहिलं लक्ष कनेक्टरकडे जातं. लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून चालतो तो अवघा नऊ मायक्रॉन रुंद असतो. त्यावर धुळीचा एक कण बसला, बोटाचा तेलकट डाग लागला, टोक किंचित तिरकं बसलं, की प्रकाश गळतो. म्हणून या कामात आधी सूक्ष्मदर्शकातून टोक पाहायचं, पुसायचं, पुन्हा पाहायचं आणि मगच जोडायचं, असा दंडक आहे. त्यानंतर मीटर लावून पॉवर किती येतेय ते बघायचं.

दोष लांब कुठेतरी असेल तर ओटीडीआर काढायचं. हे यंत्र फायबरमध्ये स्पंद सोडतं आणि काचेतून उलट विखुरलेला अंधुक प्रकाश ऐकत बसतं. परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, किती प्रकाश परतला त्यावरून गळती कळते. पडद्यावरच्या उतरत्या रेषेत कनेक्टर सुळक्यासारखा उठतो, वितळवून केलेला सांधा बारीक पायरीसारखा दिसतो आणि काच तुटली असेल तिथून पुढे रेषाच राहत नाही. १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींवर पाहिलं, की फायबर कुठे आवळून वाकलं आहे तेही कळतं, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश अशा वाकणात जास्त गळतो.

पण या सगळ्यांत फसवी असते ती अर्धवट चालणारी जोडणी. सेकंदाला १०० गिगाबिट आणि त्याहून वेगवान जोडण्यांमध्ये चुका आपोआप दुरुस्त करणारी गणितं वापरली जातात. कनेक्टर हळूहळू खराब होत असतो, चुका वाढत असतात, गणित त्या निमूट दुरुस्त करत राहतं आणि वापरणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. मग एक दिवस दुरुस्तीची मर्यादा ओलांडली जाते आणि जोडणी एकदम कोसळते. म्हणून जाणता इंजिनिअर हिरव्या दिव्यावर विसंबत नाही. दुरुस्तीच्या आधी किती चुका होत्या, आज किती प्रकाश येतोय, आणि काम पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी किती येत होता, हे तो ताडून बघतो. ऑपेराच्या पेटीतही सगळं चालूच होतं. पहिल्या दिवसाच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहायचा तेवढा राहिला होता.

दोष शोधण्याच्या कामाला आपण शोधाचा मान देत नाही, तो द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. गृहीतक मांडायचं, ते पाडेल अशी चाचणी आखायची, एकेक शक्यता बाद करायची, आकडा शेवटच्या घरापर्यंत जुळवायचा आणि ज्याचा आपल्या गृहीतकाशी संबंध नाही असा साक्षीदार हुडकायचा. खड्ड्यात बसलेला जॉइंटर आणि डोंगराखालचा भौतिकशास्त्रज्ञ हेच करत असतात.

या शोधाची फळंही खरी आहेत. ऑपेरानं आपलं मूळ काम सोडलं नाही. २०१५ मध्ये त्यानं पाचवा टाऊ न्यूट्रिनो सापडल्याचं जाहीर केलं आणि न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात याचा हवा होता तसा भक्कम पुरावा दिला. वेळ पोहोचवण्याची पद्धतही बदलली. सर्नमध्ये ‘व्हाइट रॅबिट’ नावाचं तंत्र आकाराला येत होतं. २०१२च्या मोजणीच्या वेळी ते या न्यूट्रिनो झोताच्या वेळजुळणीसाठी जुन्या यंत्रणेच्या जोडीनं बसवलं गेलं. हे तंत्र फायबरचा विलंब एकदा मोजून वहीत लिहून ठेवत नाही. दोन्ही टोकं एकमेकांना सतत संदेश पाठवतात, फेरीचा वेळ मोजत राहतात आणि नॅनोसेकंदाहून लहान फरकही चालता चालता भरून काढतात. फायबर उन्हानं तापून लांबलं तरी घड्याळं जुळलेली राहतात. आज कणत्वरकांपासून समुद्राच्या तळाशी उभारलेल्या न्यूट्रिनो दुर्बिणींपर्यंत हे तंत्र वापरलं जातं. जोडणी चालू असतानाच तिची तपासणीही चालू ठेवायची, हा नियम आता माणसाच्या आठवणीवर सोडलेला नाही. तो यंत्रातच घातलेला आहे.